उष्ट्या भाकरीची राखण

मनुबाईच्या घरात सगळं चालायचं, उष्टं तेवढं चालायचं नाही. तांब्याला तोंड लावलेलं चालायचं नाही, जेवत्या हातानं कालवणाचा डाव धरलेला चालायचा नाही, आणि दुसऱ्याच्या ताटातलं उचललेलं तर मुळीच नाही. तिचा नवरा हंबीरराव फौजेतनं सुभेदार होऊन घरी आला, तेव्हा चौघांनी एका ताटात जेवायची त्याची सवय पक्की झाली होती. पहिल्याच आठवड्यात त्यानं पाहुण्याच्या ताटातली मिरची उचलून तोंडात टाकली आणि मनुबाईनं त्याला सगळ्यांदेखत चूळ भरायला लावली. सरहद्दीवर कुणाला न भ्यालेला गडी मुकाट्यानं मोरीकडं गेला. फलटणच्या अलीकडं उसाच्या मधोमध त्यांची वस्ती आहे, तिथं ही गोष्ट अजून चवीनं सांगतात. अशा बाईच्या घरात एक उष्टी भाकर अख्खा पावसाळा टांगून राहिली, आणि ती दुसऱ्या कुणी नव्हे तर मनुबाईनंच राखली, हे मी सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. पण झालं ते असंच झालं.

त्यांचा थोरला वीरधवल बापामागोमाग फौजेत गेलेला. उन्हाळ्यात तो महिन्याच्या रजेवर आला होता. रजा निम्मीही सरली नव्हती तोच फोन आला की रजा रद्द, असाल तसे हजर व्हा. त्या दिवसांत टीव्हीवर सीमेच्या बातम्यांशिवाय दुसरं काही नव्हतं, त्यामुळं का आणि कशाला हे कुणी विचारलं नाही. धाकटी पूजा सांगलीहून मिळेल त्या गाडीनं आली. ही पूजा डॉक्टर. उझबेकिस्तानात समरकंदला सहा वर्षं राहून शिकली आणि आता सांगलीच्या एका दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर म्हणून राबत होती.

निघायच्या वेळी मनुबाईनं नेहमीचं सगळं केलं. लेकाच्या तळहातावर दही-साखर घातली, अंगारा लावला. वीरधवलही शहाण्या मुलासारखा ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणाला. पाऊल उंबऱ्याबाहेर पडणार, तेवढ्यात पूजानं फडक्यात गुंडाळलेली एक भाकर पुढं केली. गोल, जाडजूड काठाची, मधोमध नक्षीचे ठसे उमटवलेली, वर तीळ लावलेली आणि घासलेल्या परातीसारखी चकाकणारी. तिकडं तिला नॉन म्हणतात. समरकंदची ही भाकर महिनोन्‌महिने खराब होत नाही, म्हणून पूजानं येताना आणलेल्या दोन भाकरींतली एक जपून ठेवली होती.

“दादा, हिचा एक घास दातानं तोडून खा,” ती म्हणाली. “ऱ्हायलेली हितंच ठिवायची. माघारी आलास की तूच खायची. तवर हिला कुणी खायचं न्हाई.”

वीरधवल हसला. बहिणीची समजूत काढायची म्हणून त्यानं काठाला कचकन चावा घेतला आणि तो तुकडा चघळतच गाडीत बसला. गाडी उसाच्या आड गेली. पूजा घरात आली आणि तिनं ती भाकर दोरीत ओवून देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली.

मनुबाईचा राग तुम्ही पाहिलेला नाही म्हणून बरं आहे. देवाशेजारी उष्टं! सहा वर्षं परदेशात राहून पोरीनं हेच शिकून आणलं का, म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं. शेवटी तहात ठरलं ते असं, की भाकर देवाजवळ नको, स्वयंपाकघराच्या भिंतीला असू दे, तीही वीरधवल ठिकाणावर पोचेपर्यंतच. त्यापुढं मनुबाईचं घर आणि मनुबाईचं राज्य.

त्या दुपारी घरात कुणी केर काढला नाही. माणूस घराबाहेर पडलं की लगेच केरसुणी धरायची नाही, ही मनुबाईची पहिल्यापासूनची रीत. त्या केरातच तिघं बसून राहिली होती. पूजा म्हणाली की आई, रशियातल्या बायकापण असंच करतात, गेलेला माणूस पोचेपर्यंत त्याच्या मागं घर झाडत नाहीत. शिवाय तिकडं कुणी लांब निघालं की निघायच्या आधी घरातली सगळी जणं गप एका जागी क्षणभर टेकतात आणि मगच उठतात. तुर्कस्तानात जाणाऱ्याच्या मागं रस्त्यावर पाणी ओततात, म्हणजे तो पाण्यासारखा सरळ जातो आणि सरळ येतो. जपानात कधीकाळी लांब गेलेल्या माणसाचंही पान वाढून ठेवत. हे सगळं तिला तिच्याबरोबरच्या मुलामुलींनी सांगितलं होतं. मनुबाईनं बाकी सोडून दिलं. रशियातल्या केरावर मात्र तिनं पुन्हापुन्हा विचारलं. त्यांचाही केर तसाच पडून राहतो, हे ऐकून तिला कुठंतरी बरं वाटलं.

हंबीरराव एवढंच म्हणाला, “म्हंजी गडी भाईर पडला की सगळ्या मुलखात बायकांचं काळीज एकाच जागी आडकतंय.”

पोचल्याचा वीरधवलचा फोन आला. पुढं काही दिवस फोन लागणार नाही, काळजी करू नका, असंही त्यानं सांगितलं. काळजी करू नका म्हणून सांगितलं की करायची ते ठरतंच. पूजा सांगलीला परतली. मनुबाईनं केर काढला, सडा टाकला आणि ठरल्याप्रमाणं भाकर खिळ्यावरून काढून दारातल्या कुत्र्यापुढं टाकायला निघाली. कुत्रं शेपूट हलवत उभंच होतं.

उजेडात आली तशी तिची नजर चाव्यावर पडली. चावा नीट अर्धगोल नव्हता, एका जागी मध्येच तीळभर टोक उभं राहिलं होतं. मनुबाई जागीच थांबली. लहानपणी वीरधवल उसाच्या ट्रॉलीवरून पडला होता आणि त्याच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला होता. तेव्हापासून तो जे काही चावेल त्यावर ही खूण उमटायची. शेजारच्या कोंडीबाच्या रानातला ऊस कुणी चोरून खाल्ला की कोंडीबा चावलेलं कांडं घेऊन थेट मनुबाईच्या दारात यायचा आणि म्हणायचा, हे घ्या, तुमच्या पोराची सही. किती वेळा तिनं त्यापायी पोराला बडवलं होतं.

ती ओट्यावर बसली आणि त्या खुणेवरून बोट फिरवत राहिली. कुत्र्याला तिनं ताजी भाकरी घातली. नॉन पुन्हा खिळ्यावर गेली.

त्यानंतर फोन आला नाही. टीव्हीवरच्या बातम्या बघवेनात, म्हणून हंबीररावानं टीव्हीची वायरच काढून ठेवली आणि मग बातम्या ऐकायला स्वतः दिवसातून तीनदा कोंडीबाच्या घरी जाऊ लागला. मनुबाई कुणाच्या घरी गेली नाही. सकाळी चहाचं आधण ठेवताना ती एकदा भिंतीकडं बघे, दुपारी भाकऱ्या थापताना बघे आणि संध्याकाळी दिवा लावताना बघे. भाकर आपल्या जागी असली की तिचा जीव जागी असे. कुणी विचारलं असतं तर तिनं हे कबूल केलं नसतं. अडचण एवढीच होती की सीमेवरचा गडबडगुंडा कमी झाला, फोन अधूनमधून लागू लागले, तरी वीरधवल परत काही येईना. त्याला कुठंतरी वर, बर्फाच्या बाजूला हलवलं होतं आणि रजेचं नाव काढायची सोय नव्हती. लागला तर मिनिटभर फोन, नाहीतर आठवडेच्या आठवडे काही नाही.

तशात पाऊस सुरू झाला. समरकंदची हवा सुकी, तिथं भाकर टिकते. आपल्याकडं आषाढात मिठाला पाणी सुटतं, तिथं भाकरीची काय कथा. मनुबाईनं डोकं चालवलं. मागच्या पडवीत आंघोळीच्या पाण्याची चूल होती आणि तिच्यावर धुरात बियाण्याची कणसं टांगायची तिच्या सासूपासूनची पद्धत होती. धुराला ना कीड लागते ना ओल. तिनं जुनं शिंकं शोधून काढलं आणि कणसांच्या शेजारी भाकर धुरात टांगली. हंबीररावानं बघितलं आणि ही रणगाड्याला बसवली तरी चालेल म्हणून चेष्टा केली. दुसऱ्या दिवशी शिंक्याच्या दोरीत पत्र्याची एक गोल चकती ओवलेली दिसली, उंदीर वरून उतरू नयेत अशी बेताची कापलेली. ती कुणी केली हे मनुबाईनं विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. घरात पत्र्याची कात्री एकाच माणसाला चालवता येत होती.

एवढं करूनही श्रावणात भाकरीच्या पाठीवर मनुबाईला हिरवट ठिपका दिसला. सुट्टीवर आलेल्या पूजापुढं तिनं भाकर ठेवली आणि म्हणाली, “तुज्या त्या बाईला इचार. आत्ताच्या आत्ता इचार.”

ती बाई म्हणजे मोहिरा. पूजा तिला मोहिरा ओपा म्हणायची, तिकडं मोठ्या बहिणीच्या मानाच्या बाईला ओपा म्हणतात. तिच्याच घरी पूजा सहा वर्षं भाड्यानं राहिली होती. पहिल्याच थंडीत पूजा तापानं फणफणली, तेव्हा हीच बाई उशाशी बसून तिला घोट घोट पेज पाजत होती. मनुबाईनं तिचं नाव शंभर वेळा ऐकलं होतं, तोंड कधी पाहिलं नव्हतं. आता फोनच्या पडद्यावर ते दिसलं. साधारण तिच्याच वयाची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली, डोळ्यांखाली कामाचा थकवा. मनुबाईनं हात जोडले. मोहिरानं छातीवर हात ठेवून मान लववली. मध्ये बसून पूजा इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं सांगू लागली.

मोहिरानं आधी भाकर बघायला मागितली. मग सांगितलं की सुरी लावू नका, भाकरीला सुरी लावायची नसते. कोरड्या फडक्यानं पुसा, मंद आचेवर दोन्ही अंगांनी शेका आणि वाऱ्याला धरा. आणि हो, पालथी कधी ठेवू नका. बाईला वळण आहे, असं मनुबाईच्या मनात आलं. मोहिरानं विचारलं, भाकर कुणाची? फौजेतल्या मुलाची, असं कळल्यावर ती जागची उठली. तिनं फोन आपल्या भिंतीकडं वळवला.

भिंतीवर दोन भाकऱ्या होत्या. एक जुनाट, गोवरीसारखी काळपट. ती तिच्या मुलाची, बेकझोदची. तो कामाला म्हणून रशियात गेला, पहिली दोन वर्षं फोन करायचा, मग फोन थांबला. त्याला आता आठ-नऊ वर्षं होत आली.

आठ-नऊ वर्षं! म्हणजे ह्या भाकरीचं काही खरं नाही तर. मनुबाईनं पूजाला ढोसलं आणि मनातलं सरळ विचारायला लावलं, की मग भाकर टांगून उपयोग काय?

पूजा कचरत होती, पण तिनं विचारलं. मोहिरा रागावली नाही. तिचं उत्तर पूजानं हळू आवाजात सांगितलं.

“ती म्हनती, भाकर त्याला आनत न्हाई. ती मला उठवती. सकाळी तिच्यावरची धूळ झटकायला उठावंच लागतंय.”

मनुबाईनं पदरानं डोळे पुसले. फोन ठेवायच्या आधी तिला दुसऱ्या भाकरीची आठवण झाली. ती बरीच नवी दिसत होती, चकाकी अजून गेली नव्हती.

“आनि ती कुनाची?”

पूजा म्हणाली, “माजी.”

समरकंदहून निघताना मोहिरानं तिच्याकडूनही घास तोडून घेतला होता आणि पूजानं परत येईन म्हणून शब्द दिला होता. हे तिनं घरी सांगितलं नव्हतं, कारण मनुबाईनं लेक विमानातून उतरताच बजावलं होतं की सहा वर्षं माझ्या जिवाला घोर लावलास तेवढा पुरे, आता या मुलखाबाहेर पाऊल टाकायचं नाही. त्या दिवशीही मनुबाईचं तेच म्हणणं होतं. एक पोरगं बर्फात आणि दुसरी पुन्हा साता समुद्रापार, हे तिच्यानं होणार नव्हतं. ती म्हणाली, “तू कुटंबी जायाची न्हाईस.” मनुबाई उठून चुलीपाशी गेली आणि मंद आचेवर भाकर शेकू लागली. चाव्याची बाजू तिनं निखाऱ्याला लागू दिली नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाजीच्या टेम्पोतून एक माणूस फाट्यावर उतरला आणि खांद्यावर पिशवी टाकून उसातून चालत आला. हंबीररावानं त्याला लांबूनच चालीवरून ओळखलं आणि इतक्या मोठ्यानं हाक मारली की कोंडीबाच्या रानातले बगळे उडाले. वीरधवल वाळला होता, गालांची सालं निघाली होती, पण हातपाय धड होते आणि हसला तेव्हा तो तुटक्या कोपऱ्याचा दात जागच्या जागी होता.

मनुबाईनं त्याला उंबऱ्यावरच थांबवलं. ताज्या भाकरीचा तुकडा आणि पाणी त्याच्यावरून ओवाळून लांब टाकलं, डोळ्यांना पाणी लावलं. मग त्याला घरात घेतलं आणि पाटावर बसवलं. ती थेट मागच्या पडवीत गेली. शिंकं उतरवलं. उकळत्या पाण्याच्या वाफेवर भाकर धरून मऊ केली आणि ताटलीत घालून, उताणी, लेकाच्या पुढं ठेवली.

वीरधवल ही भाकर विसरूनच गेला होता. आठवलं तसं त्याला हसू आलं, पण आईच्या तोंडाकडं बघून ते त्यानं आवरलं. जिथं चावा होता तिथूनच त्यानं खायला सुरुवात केली. काळवंडली होती, धुराचा वास येत होता, आणि चवीचं काय सांगावं. तरी त्यानं कण न कण संपवला. मनुबाई समोर बसून बघत होती. शेवटचा घास गिळला तेव्हा तिनं दोन्ही हात जोडले. देव्हारा तिच्या पाठीमागं होता, पण तोंड होतं उत्तरेकडच्या खिडकीकडं.

“त्या बाईचं लय उपकार झालं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सोनं वाटून झालं. पूजा सांगलीहून आली होती, घर भरलेलं होतं. मनुबाई आंघोळीचं पाणी तापवायला चुलीपाशी गेली आणि तिची नजर सवयीनं वर गेली. शिंकं रिकामं होतं. ती हलकी झाली. इतके महिने मानेवर कुणीतरी बसलं होतं आणि आता उतरलं, असं तिला वाटलं. तशी हलकी होऊन ती जरा उभी राहिली आणि मग तिला ती दुसरी भिंत आठवली. तिथं एक बाई आजही सकाळी उठून दोन भाकऱ्यांवरची धूळ झटकत असणार. एका भाकरीचं मनुबाईच्या हातात काही नव्हतं. दुसरीचं होतं.

ती बाहेर आली आणि पूजाला म्हणाली, “तुजी भाकर खाऊन ये.”

पूजाला आधी समजलंच नाही.

“आगं, माजं मानूस माज्या घरात आलं. तिचं एक तरी येऊ दे की. म्या पाच-सा म्हैनं राखली तर माजा जीव निम्मा झाला. ती किती राखनार?”

पूजानं आईच्या गळ्यात हात टाकले. ती नुसती रडत राहिली.

सांगलीचं काम संपवून पूजा निघाली तेव्हा संक्रांत झाली होती. मनुबाईचं माहेर जतकडचं, तिकडं बाजरीच्या तीळ लावलेल्या कडक भाकऱ्या करतात. पापडासारख्या पातळ, खडखडीत वाळवलेल्या, महिना महिना टिकणाऱ्या. तशा तिनं चळतभर केल्या आणि जुन्या साडीच्या फडक्यात बांधल्या. लेकीच्या हातावर दही घातलं. तेवढ्यात हंबीररावानं हुकूम सोडला की सगळ्यांनी खाली बसा. जी होती ती घरातली माणसं, आणि निरोप द्यायला आलेला कोंडीबासुद्धा, गप एका जागी टेकली. “रशियात आसंच बसत्यात,” त्यानं कोंडीबाला समजावलं. कोंडीबानं मान डोलावली, जणू त्याला हे लहानपणापासून माहीत होतं.

उठायच्या वेळी मनुबाई म्हणाली, “थांबा जरा.” तिनं फडकं सोडलं, वरची भाकरी उचलली आणि सगळ्यांच्या समोर तिच्या कडेला दात लावला. कडक भाकरी ती, मधोमध तडकून दोन तुकडे झाले. मनुबाईनं ते बाजूला ठेवले आणि दुसरी घेतली. या वेळी तिनं हलक्या हातानं, अगदी कोपऱ्याला चावा घेतला. नीट निघाला. ती भाकरी तिनं वेगळ्या फडक्यात गुंडाळून पूजाच्या हातात दिली.

हंबीरराव बघतच राहिला. मिरचीपायी चूळ भरायला लावणारी बाई स्वतःचं उष्टं परमुलखात आहेर म्हणून धाडत होती.

“ही तिला दे,” मनुबाई म्हणाली. “तुजी खाल्लीस म्हंजी भिंतीवर तिच्या पोराची एकलीच ऱ्हाईल. त्या खिळ्याला ही लाव म्हनावं. तिच्या लेकाच्या भाकरीला सोबत.”

पूजानं भाकरी छातीशी धरली. “आये, पर ही लावली म्हंजी तुला तितं जावं लागंल. आख्खी खायाला.”

मनुबाई उभ्या जन्मात जतच्या पलीकडं गेली नव्हती. तिनं लेकीच्या बॅगेची चेन लावली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “जाईन की. आता उष्टं टाकून कसं चालंल?”